पेट्रोल पाण्याच्या बाटलीत काठोकाठ भरू नका

बाइकवरून मनाली-लेहला निघणाऱ्यांसाठी एक सल्ला फिरतोय: 'तांदीनंतर 365 किलोमीटर पंप नाही, पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल काठोकाठ भरा, हवा राहिली नाही की वाफ धरत नाही.' तांदी या वाटेवरच्या गावात पंपावर 365 चा फलक होता हे खरं. सल्ल्याचा उरलेला भाग धोक्याचा आहे.

पेट्रोल तापलं की फुगतं. पाच लिटरचं तापमान 25 अंशांनी वाढलं तर साधारण 120 मिली जास्त होतं. त्यात वाटेतली तांगलांग-ला ही खिंड 5,300 मीटरच्या आसपास. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. पातळ बाटली टम्म फुगते, झाकणाच्या आट्यांतून पेट्रोल पाझरतं आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो! 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात सुट्या पेट्रोलसाठी काच, चिनीमाती किंवा धातूचंच भांडं सांगितलंय. धातूचं 25 लिटरपर्यंत चालतं.

मग न्यायचं किती? 13 लिटरची टाकी, घाटात 25 चं मायलेज धरलं तर 325 किलोमीटर. कमी पडतात 40, म्हणजे दीड-दोन लिटर. पाच लिटरचा पत्र्याचा कॅन घ्या, साडेचारच भरा. भरताना तो जमिनीवर ठेवा, गाडीवर बांधलेला असताना नाही, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायचा धोका कमी होतो. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला उभा, घट्ट बांधा.

टाकीत जागा झाली की कॅनमधलं पेट्रोल लगेच तिच्यात ओता, रिझर्व्हची वाट पाहू नका. त्याआधी इंजिन थंड होऊ द्या आणि कॅनचं झाकण अर्धा आटा फिरवून फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा.