"कॉलेजांचं अनुदान बंद करा, पैसे थेट मुलांच्या खात्यात टाका" या मेसेजला माझं उत्तर

गेला आठवडाभर आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं की सरकार शिक्षणावर वारेमाप पैसा ओततं, तो सगळा प्राध्यापकांच्या पगारात जातो, मुलींचं शिक्षण तर आता पूर्ण फुकट झालंय, तेव्हा कॉलेजांचं अनुदान बंद करा आणि पैसे थेट विद्यार्थ्याला द्या, कॉलेजं आपोआप सुधारतील. मी चार वर्षं तालुक्याच्या एका अनुदानित (पूर्णवेळ प्राध्यापकांचा पगार सरकार देतं अशा) कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

पहिलं, वारेमाप पैशाचं. मेसेजमध्ये "शिक्षणावरचा खर्च" म्हणून एकच मोठा आकडा टाकलाय. राज्याच्या बजेटमध्ये सामान्य शिक्षणाचं मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, 2202, त्याच्या आत प्राथमिक, माध्यमिक आणि मग विद्यापीठ-उच्च शिक्षण असे वेगवेगळे भाग असतात आणि मोठा वाटा शाळांचा असतो, शाळा लाखभर आहेत तर तो असणारच. जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार कॉलेजच्या खात्यावर मांडून बोंब मारायची हे बरोबर नाही.

दुसरं, "सगळा पगारात जातो". हो, अनुदानाचा मोठा भाग पगारच असतो, कारण कॉलेज म्हणजे शेवटी शिकवणारी माणसं. पण ती माणसं आहेत कुठे? 2018 मध्ये सरकारनेच 3580 सहाय्यक प्राध्यापकांची पदं भरायला मंजुरी दिली, ती सुद्धा सगळी रिकामी पदं नाहीत, रिकाम्यांपैकी 40 टक्केच, या 3580 मधली 1492 भरून होतायत तोवर कोविड आला, 4 मे 2020 चा वित्त विभागाचा जीआर (शासन निर्णय) निघाला, भरती गोठली आणि राहिलेल्या 2088 साठी नेट-सेट या प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी झालेली पोरं वर्षानुवर्षं आंदोलनं करत बसली. तोवर वर्ग कोणी घेतले? आमच्यासारख्यांनी. तासाला मोजून पैसे, दिवाळीची सुट्टी शून्य, उन्हाळा शून्य, आणि झालेल्या तासांचं बिल मंजूर होऊन हातात यायला कधी पाच महिने कधी सात. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, त्याच खुर्चीसाठी. माझ्या विभागात मंजूर पदं तीन आणि पूर्णवेळ माणूस एक, ते सर नॅकच्या (कॉलेजच्या दर्जाच्या सरकारी मूल्यांकनाच्या) फायली, परीक्षा, एनएसएस सगळं बघून वर तास घ्यायचे. पगारावर उधळपट्टी चाललीय असं म्हणणाऱ्याने एकदा त्या स्टाफरूममध्ये येऊन बसावं.

आणि रिकाम्या पदांचा परिणाम विद्यापीठांतही दिसतोच की. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या रँकिंगच्या, एकूण यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2024 ला 37 वं होतं, 2025 ला 91 वं झालं. त्या रँकिंगमध्ये विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाला मार्क असतात, पदं रिकामी ठेवली की ते मार्क जातात.

तिसरं, मुलींचं फुकट शिक्षण. जुलै 2024 चा निर्णय चांगला आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण तो नीट वाचा. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी कुटुंबातल्या मुली, व्यावसायिक कोर्स, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, आणि माफ काय तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. खाजगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. खोलीभाडं, मेस, पुस्तकं या निर्णयात नाहीत. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास सुद्धा बारावीपर्यंतच.

आता मुख्य मुद्दा, "थेट खात्यात टाका". अनुदानित कॉलेजात बीएची फी शेतमजुराच्या घरालाही झेपते कारण पगार सरकार देतं. ते थांबलं तर तोच पगार फीमध्ये येईल. हे आपण पाहिलेलं आहे, 1983 ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, फी कुठल्या कुठे गेली, शेवटी 2015 ला फी ठरवायला कायदा करून प्राधिकरण नेमावं लागलं, आणि राखीव प्रवर्गातल्या, कमी उत्पन्नाच्या मुलांची फी भरायला पुन्हा सरकारचाच पैसा लागतो, फक्त तो महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवरून हप्त्याहप्त्याने येतो. तो उशिरा आला की कॉलेज मुलांच्या मागे लागतं. माझ्या वर्गातल्या एका पोराने शेवटच्या वर्षाची मार्कलिस्ट मिळावी म्हणून चुलत्याकडून पैसे उसने घेतले, स्कॉलरशिप नंतर जमा झाली.

आणि पैसा विद्यार्थ्यामागे धावला तर इतिहास, मराठी, फिजिक्स यांचं काय होणार? ज्या वर्गात बावीस पोरं आहेत तो कोणती संस्था चालू ठेवेल? पुण्या-मुंबईत दुसरं कॉलेज सापडेल. आमच्याकडे दुसरं कॉलेज 40 किलोमीटरवर आहे, संध्याकाळची शेवटची एसटी साडेपाचला, आणि मुलीला तिकडे पाठवायचं की नाही हे घरात त्या एसटीवरच ठरतं.