आजीचं संस्थान

घरातली म्हातारी नव्वदीत, झोपेतच, कुणाला त्रास न देता गेली की भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सोनं झालं बघा." झालंच. पण सोनं तिचं झालं, आमच्या वाट्याला येतं ते पितळ. सूतक असेपर्यंत घरच्यांनी देवांना हात लावायचा नसतो, त्यामुळे संकट लगेच कळत नाही. तेरावं आटोपतं, खानापूर, निपाणी, संकेश्वरचे पाहुणे आपापल्या बसनं जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न उभा राहतो: देवपूजा कोण करणार? त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचीच ऑफिसं लवकर भरायला लागतात.

आजी हयात असताना कुणाला देव्हाऱ्याजवळ फिरकू देत नसे. "हात धुतलास काय? सर की तिकडं!" एवढंच आमचं शिक्षण. बाकी सगळं तिचे डबे उघडून शिकायचं.

सुरुवात देव घासण्यापासून. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात पाव तास भिजवायची, चमचाभर मीठ घालायचं नि चोळायचं. पितळेवरचा काळा थर चिंचेच्या आंबटपणानं सुटतो. पण चिंच लावून फोनवर गप्पा मारत बसलात तर देव तांबूस पडतात, आणि धुऊन लगेच कोरडे केले नाहीत तर तासाभरात अंगभर डाग. अन्नपूर्णेच्या पळीत चिंचेचे धागे अडकतात, ते जुन्या टूथब्रशनंच निघतात. चांदीच्या टाकांना, म्हणजे देव उठवलेल्या पत्र्यांना, चिंच नाही, भस्म. आणि घासलेलं पाणी भक्तिभावानं तुळशीत ओतायचं नाही. चिंच सोसेल एक वेळ, मीठ सोसत नाही. आठवडाभरात तुळस मान टाकते आणि गल्लीतल्या बायका त्याचा संबंध थेट आपल्या चारित्र्याशी लावतात.

आजीच्या लग्नात आलेला बाळकृष्ण मात्र घासायची सोय उरलेली नाही. सत्तर वर्षं राख आणि चिंच खाऊन त्याचं नाक गेलंय, डोळे सपाट झालेत, हातातला लोण्याचा गोळा तेवढा शाबूत. गंध कुठं लावायचं हे अंदाजानं ठरवावं लागतं. सहाणेवर पाणी जास्त पडलं की गंध ओघळतं आणि देव रडल्यासारखा दिसतो. कमी पडलं तर दुपारपर्यंत पापुद्रा सुटून पाटावर येतो. पाणी पळीनं नाही, बोटानं थेंब थेंब घालायचं.

मग बेळगावचा पाऊस. जूनमध्ये लागला की गणपतीपर्यंत भिंतीसुद्धा घाम गाळतात. लक्ष वातींच्या नेमातून उरलेल्या वाती आजीनं बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवल्यात, नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतील इतक्या. पण कापूस हवेतलं पाणी ओढतो, आणि ओलसर वात तेलात ठेवली की तडतडून विझते. काडीपेटीचं तर गूलच निघून येतं. काडीपेटी तांदळाच्या डब्यात का असायची, हे तेव्हा कळतं. थंडीत उलटा खेळ: निरांजनातलं तूप थिजतं आणि वरची कोरडी फुलवात क्षणात जळून कोळसा. म्हणून फुलवाती आदल्या दिवशीच पातळ तुपात बुडवून थिजवून ठेवायच्या.

फुलापानांचं वेळापत्रक वेगळंच. गणपतीला तुळस नाही, देवीला दूर्वा नाहीत, बेल पालथा वाहायचा. द्वादशीला तुळस तोडायची नाही, पण विष्णूला तुळस तर हवीच, म्हणजे आधीच तोडून ठेवायची. हे सगळं आजीला तोंडपाठ होतं, गॅसचा नंबर लावायला मात्र नातू लागायचा.

आणि देवांची संख्या! आमच्याकडं नवरी माहेराहून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा घेऊन येते. सून आली की जोडी वाढते, कमी कधीच होत नाही. तीन पिढ्यांत तीन बाळकृष्ण ताम्हणात रांगतात नि आंघोळीला एकमेकांवर घसरतात. शिवाय गणपती, शाळीग्राम, शंकराचा बाण, पंढरपूरचा विठोबा, वाडी रत्नागिरीच्या जोतिबाचा टाक, सौंदत्तीच्या यल्लम्माचा टाक. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, आजीच्या देव्हाऱ्याची नाही. यल्लम्माची जोगतीण दारात आली की आजी तिच्याशी कानडीत बोले आणि परडीत मापटंभर जोंधळे घाली. आता ती येते, "अव्वा?" म्हणून विचारते, आणि आमची कानडी "इल्ला" पुढं सरकत नाही. जोंधळे मात्र दुप्पट जातात.

या कारभारावर देखरेख पुण्याच्या आत्यांची. दर गुरुवारी त्या व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतात. दर्शन कसलं, तपासणीच. "मोबाइल खाली घे. आणखी खाली. अन्नपूर्णेखालचे तांदूळ कधी बदललेस रे? टोके दिसायलेत मला." नैवेद्याच्या वाटीखाली पाण्याचं चौकोनी मंडल काढलंय का, ते गोल का झालंय, समईला वात एकच का, सगळं विचारून होतं. मग आम्ही नम्रपणे सुचवतो, "आत्या, तुम्ही एक बाळकृष्ण तिकडं न्या की." तेवढ्यापुरती पुण्यातली रेंज जाते.