पैलवान घेतला, पण स्क्रम शिकवणार कोण?

आज सांगलीत रग्बीची निवड चाचणी बघून डोकं फिरलंय. कान मोडलेला एक पैलवान पोरगा, शंभरेक किलोचा. त्याला चाळीस मीटर पळवला, घड्याळ बघितलं, वहीत फुली. मग कुणाला तरी सुचलं, अंगानं दांडगा आहे, प्रॉपला लावा, म्हणजे पहिल्या फळीच्या कडेला. दहा मिनिटांत थेट स्क्रममध्ये, दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांदे भिडवून रेटतात तिथं! पहिल्याच धक्क्याला स्क्रम कोसळला आणि ओरडा त्याच्यावर.

अरे, कोसळणारच. तालमीत काय शिकलाय तो? समोरच्याची मान धरायची, डोकं खाली ओढायचं. स्क्रममध्ये नेमकी हीच पेनल्टी. तिथं पकड पाठीवरच्या नाहीतर कुशीवरच्या जर्सीला. बाही धरली तरी शिट्टी. पाठ सपाट, खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत. त्यात टाइटहेडचं, म्हणजे 3 नंबरच्या उजव्या प्रॉपचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे, दोन्ही खांद्यांवर भार. लूजहेडचा, म्हणजे 1 नंबरच्या डाव्या प्रॉपचा, एक खांदा मोकळा. '1 काय नि 3 काय, प्रॉप तो प्रॉप' म्हणणाऱ्याला निवडीला बसवूच नये राव.

आधी गुडघ्यावर एकास एक, मग उभ्यानं, मग तिघांस तिघं, मग धक्के द्यायचं मशीन, मग आठास आठ. घाई केली की मान जाते. कुस्तीतली तयार मान असली तरी.

मान्य, सेव्हन्सला, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीला, पळणाराच लागतो. सात-सात मिनिटं, मैदान पूर्ण मापाचं, स्क्रम तिघांचा. पण पंधराच्या संघालाही तीच चाळणी? 23 जणांत पहिल्या फळीचे 6 लागतातच. 2023 च्या विश्वचषक फायनलला दक्षिण आफ्रिकेनं राखीव 8 पैकी 7 फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे गडी ठेवले, 12-11 नं जिंकले. तरी हुकर, दोन प्रॉपच्या मधला गडी, सुरुवातीलाच जायबंदी झाला, बहुतेक वेळ फ्लँकरला (स्क्रमच्या बाजूला) खेळणारा डिऑन फौरी आत आला आणि त्यांचे लाइनआउट, म्हणजे चेंडू बाहेर गेल्यावर हुकरनं रांगेत आत फेकायचे, फसायला लागले. जगज्जेत्यांचं हे, मग आपलं काय?

आणि आपण? गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीहून कांस्य आणलं म्हणून भाषणं ठोकायची, आणि पैलवानाला घड्याळावर मोजायचं.

प्रशिक्षकावर फार चिडत नाही. चार दिवसांच्या शिबिरात तो तरी काय काय करणार? लाइनआउट घेऊ की टॅकल?

तो मोडक्या कानाचा पोरगा मात्र जाताना विचारत होता, "मान धरायची न्हाई, मग धरायचं काय?" तोवर विंगरांच्या, कडेनं पळणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या.