परग्रहावरचा शत्रू आणि मक्याचा पोंगा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आभाळातून जळते पट्टे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली. चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, पण तोवर आमच्याकडच्या पोरांनी परग्रहावरचे आले असं ठरवूनही टाकलं होतं. "सर, खरंच येतीन का हो ते?" हा प्रश्न मला अजूनही विचारतात.

मी त्यांना जुन्या भयपटांबद्दल सांगतो. माझं मत ठाम आहे: त्या सिनेमांतलं जीवशास्त्र बरंचसं खरं आहे, फक्त पत्ता चुकलाय.

‘एलियन’ (१९७९) घ्या. माणसाच्या छातीतून पिल्लू बाहेर पडतं तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरत नाहीत. आता बांधावर चला. पानावर एखादी मलूल अळी दिसते आणि तिच्या अंगाला तांदळाएवढे पांढरे कोष चिकटलेले असतात. एका बारीक गांधीलमाशीने त्या अळीच्या शरीरात अंडी घातलेली असतात. अंड्यांबरोबर ती एक विषाणूही टोचते, त्याने अळीची प्रतिकारशक्ती लुळी पडते. पिल्लं आतल्या आत अळीच्या रक्तावर वाढतात, पण ती मरणार नाही याची काळजी घेतात. मग कातडी फोडून बाहेर येतात. अळी तेव्हाही जिवंत असते! काही जातींत तर ती त्याच कोषांची राखण करते, कोणी जवळ आलं की डोकं झटकून हाकलते. किडीच्या बंदोबस्तासाठी आपण कपाशीच्या पानाला ट्रायकोकार्ड नावाची पट्टी टाचतो, तिच्यातून बाहेर पडते तीही अशीच एक माशी. ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते.

पण एवढं नेमकं काम जमायला त्या माशीच्या आणि अळीच्या असंख्य पिढ्या एकमेकींशी झुंजत आल्या आहेत. दुसऱ्या ताऱ्याजवळून आलेल्या प्राण्याला आपलं शरीर पहिल्याच भेटीत कसं उमगेल? प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं डाव्या-उजव्या हातासारखी दोन वळणांची असू शकतात; पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं डाव्या वळणाच्या आम्लांची असतात. त्याची उजव्या वळणाची निघाली, तर आपलं मांस पोटात जाऊनही त्याच्या अंगी लागणार नाही.

म्हणूनच १९५३ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चा शेवट मला आवडतो. अणुबॉम्बला न जुमानणारे मंगळवासी जिवाणूंनी मरतात. पुष्कळांना हा शेवट पुळचट वाटतो. मला तो सरळ हिशेब वाटतो. ते आपल्याला पचवू शकत असतील, तर आपले जंतूही त्यांना पचवू शकतील. ही शंका शास्त्रज्ञांनीही घेतली होती, उलट्या बाजूने. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर परतले, तेव्हा चंद्रावरून काही जंतू आले असतील या भीतीने त्यांना २१ दिवसांच्या विलगीकरणात ठेवलं होतं.

खरी स्वारी होते ती पृथ्वीच्याच दुसऱ्या टोकाकडून. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात सापडली आणि पाहता पाहता आपल्या मक्यात शिरली. पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उकलून बघा: आत भुशासारखी ओली विष्ठा, खाली दडलेली अळी, डोक्यावर उलटा ‘वाय’. तिला इथे नवं काही शिकावंच लागलं नाही, कारण मकासुद्धा मूळचा अमेरिकेचाच. तिचं ताट शेकडो वर्षांपूर्वीच इथे मांडून झालं होतं.

गाजरगवताचंही तेच. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ १९५६ चा, अंतराळातून आलेल्या बियांचा सिनेमा. जवळपास त्याच सुमारास हे अमेरिकेतलं तण पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. त्याला खाणारे शत्रू तिकडेच राहिले आणि ते आपल्या धुऱ्यांवर माजलं. शेवटी १९८० च्या दशकात मेक्सिकोहून भुंगे आणावे लागले.

हे सगळं पुस्तकातल्या ‘परजीवी’ या एका ओळीत पोरांना समजत नाही, सिनेमा पाहिला की समजतं. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे. आठवी-नववीला १९५३ चा सिनेमा दाखवून दुसऱ्या दिवशी मक्याच्या वावरात न्यायचं ठरवतोय. ‘एलियन’ त्यांच्यासाठी नाही, तो मोठ्यांनी बघावा. जवळपास कोणाच्या वावरात फवारणी न झालेला मका असेल तर कळवा, आणि कोष चिकटलेली अळी दिसली तर मारू नका, फोटो पाठवा.