न्यायाधीशांच्या अर्जातला एक रकाना

उच्च न्यायालयांवर किती दलित, किती आदिवासी, किती स्त्रिया, याचे आकडे संसदेत आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: न्यायाधीशांची जात विचारणं म्हणजे मागच्या दाराने आरक्षण आणणं. त्याने गुणवत्ता बुडणार. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, मग जात बघायचीच कशाला? आणि ज्याने त्याने आपल्या मर्जीने भरलेल्या माहितीला किंमत ती काय? चांगले शिकलेले लोक, त्यात वकीलही, हे पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी घडतं काय ते. २०१८ पासून उच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या व्यक्तीकडून ठरलेल्या नमुन्यात सामाजिक पार्श्वभूमी विचारली जाते. ती ज्याची त्याने भरायची. त्यापूर्वी संसदेत प्रश्न आला की कायदा मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं असे: अशी प्रवर्गनिहाय माहिती ठेवली जात नाही. विषय तिथेच मिटायचा. मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत मात्र आकडे मिळाले. २०१८ पासून नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, ओबीसी ८९, अल्पसंख्याक ३७. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या. इथे जेमतेम ३.

आता ते मागचं दार. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका अनुच्छेद १२४, २१७ आणि २२४ खाली होतात आणि त्यांत आरक्षणाची तरतूद नाही. सरकार आपल्या उत्तरांत हे आवर्जून सांगतं. रकाना भरल्याने ती तरतूद उगवत नाही. कॅलिफोर्नियाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथे सरकारी नोकरीत वंश किंवा लिंग पाहून झुकतं माप देण्यावर १९९६ च्या सार्वमतानेच बंदी आली. २०२० मध्ये ती उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. त्याच कॅलिफोर्नियात २००७ पासून न्यायाधीशांकडून ऐच्छिक माहिती घेऊन दरवर्षी १ मार्चपर्यंत न्यायालयनिहाय एकत्रित आकडे जाहीर करावे लागतात, तेही कायद्याने. म्हणजे कोट्याला बंदी आणि मोजणीला सक्ती, दोन्ही एकाच राज्यात.

गुणवत्तेचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो मनापासून मांडला जातो. न्या. के. जी. बालकृष्णन मे २०१० मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा न्यायाधीश आला तो थेट मे २०१९ मध्ये, अमरावतीचे न्या. भूषण गवई. कॉलेजियमच्या (न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाच्या) ८ मे २०१९ च्या ठरावात हे उघड लिहिलं होतं, की या नेमणुकीने सुमारे दशकभरानंतर अनुसूचित जातीचा न्यायाधीश तिथे बसेल. मुंबई उच्च न्यायालयातले त्यांच्याहून ज्येष्ठ तिघे कमी योग्य आहेत, असा अर्थ काढू नये, असंही त्यात होतं. मजकूर फिरवणारे म्हणतील, बघा, आम्ही हेच तर म्हणतोय! ठीक. पण मग मधल्या नऊ वर्षांचंही स्पष्टीकरण द्या. वीस कोटींच्या समाजात नऊ वर्षं एकही लायक माणूस नव्हता, की कुणी पाहिलंच नाही? ‘वकिलीतच ते कमी आहेत’ हे नेहमीचं उत्तर खरंही असेल, पण ते सिद्ध करायलाही आकडेच लागतात. गळती कॉलेजात आहे, वकिलीत आहे की कॉलेजियमच्या टेबलावर, हे मोजल्याशिवाय दोन्ही बाजूंचा वाद म्हणजे नुसती हवा.

शिवाय हा रकाना काही न्यायव्यवस्थेला नवखा नाही. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससीचा अर्ज भरताना प्रवर्ग लिहावाच लागतो, आरक्षण हवं तर दाखले जोडावे लागतात. उच्च न्यायालयातले साधारण एक तृतीयांश न्यायाधीश अशाच सेवेतून वर आलेले असतात. पंचविशीत प्रवर्ग लिहून ज्यांचा निःपक्षपातीपणा शाबूत राहिला, तो पन्नाशीत लिहिल्याने कसा जाईल?

पट्टीबद्दल फार लिहायला नको. ती पक्षकारांसाठी असते, न्यायाधीश निवडणाऱ्यांसाठी नव्हे. (ऑक्टोबर २०२४ मध्ये समोर आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातल्या नव्या मूर्तीचे तर डोळे उघडेच आहेत.)

राहिला मर्जीने भरलेल्या माहितीचा आक्षेप. २०१८ ते डिसेंबर २०२२ या काळात नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी फक्त २० जणांची माहिती उपलब्ध नव्हती. चार टक्केही नाहीत, आणि त्या विसांच्या नेमणुका अडल्या नाहीत. याला पर्याय काय, तर अंदाज. आडनावावरून जात ओळखण्यात आपला हातखंडा आहे असं आपण समजतो. वकिलांच्या बार रूममध्ये तर हे रोजचंच. पण गायकवाड, जाधव, शिंदे ही आडनावं किती जातींत आहेत? स्वतः लिहून दिलेली माहिती या कुजबुजीपेक्षा केव्हाही बरी.

एक आक्षेप मात्र खरा दमदार आहे आणि तो त्या फिरणाऱ्या मजकुरात नाहीच. एखाद्या लहान उच्च न्यायालयात आदिवासी न्यायाधीश एकच असेल, तर ‘१’ हा आकडा म्हणजे त्या व्यक्तीचं नावच. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे हलक्यात घेता येत नाही. अशा ठिकाणी दोन-तीन न्यायालयांचे आकडे एकत्र द्यावेत, आणि ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय ठळक छापावा. बाकी रकाने कमी करण्यापेक्षा वाढवायला हवेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पासूनच्या शिफारशींची यादी संकेतस्थळावर टाकली. तीत प्रवर्गासोबत आजी-माजी न्यायाधीशांशी असलेलं नातंही दिलं होतं. नात्याच्या त्या रकान्यावर गुणवत्तेच्या कैवाऱ्यांचा एखादा मजकूर अजून माझ्यापर्यंत तरी आलेला नाही.