फाउल गुणांत नाही, मिनिटांत मोजा

बास्केटबॉल मॅनेजमेंट गेम (संघ आणि डावपेच तुम्ही ठरवता, सामना संगणक खेळवतो) खेळणाऱ्या मंडळींची एक तक्रार सतत कानावर येते. "त्याला ३० फ्री थ्रो, मला फक्त १२. इंजिन त्याच्याच बाजूचं आहे!" म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फेके त्यालाच जास्त, आणि सामना खेळवणारा गेमचा प्रोग्रॅम पक्षपाती. आज यावर जरा सविस्तर लिहितोय, कारण हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. इतका सुंदर हिशेबाचा खेळ आणि त्यातला सगळ्यात रंगतदार भाग आपण नशिबाच्या नावावर टाकून मोकळे होतो.

फाउल कुठे होतात बघा. रिंगखाली, जिथे अंगाला अंग भिडतं. आणि चेंडू हिसकावायला हात घातला जातो तिथे. लांबून तीन गुणांचा शॉट मारणाऱ्याला फाउल करायला बचाव करणारा सहसा तेवढा जवळच नसतो. म्हणजे चेंडू कुठे न्यायचा हे तुम्ही ठरवलंत की फ्री थ्रो किती मिळणार हेही बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. बझरबीटर हा ऑनलाइन मॅनेजमेंट गेम खेळणाऱ्यांना हे लगेच पटेल. तिथे लुक इनसाइड किंवा लो पोस्ट हे डावपेच लावले की चढाई सेंटर आणि पॉवर फॉरवर्ड या रिंगजवळच्या खेळाडूंच्या हातून होते, मोशन किंवा रन अँड गन लावलं की बाहेरून. रन अँड गन लावून "मला फ्री थ्रो का नाहीत" विचारणाऱ्याला उत्तर त्याच्याच डावपेचात सापडेल.

नुसते आकडे बघतानाही एक गफलत होते, ती वेगाची. समजा एका संघाने ९५ शॉट मारले आणि त्याला २४ फ्री थ्रो मिळाले. दुसरा संथ खेळला, ७० शॉट, २१ फ्री थ्रो. बॉक्स स्कोरवर, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावर, पहिला पुढे दिसतो. पण शंभर शॉटमागे पहिल्याचे २५ फ्री थ्रो पडतात आणि दुसऱ्याचे ३०. फाउल काढण्यात दुसरा सरस आहे. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी सामना जिंकून देणारे जे चार घटक मांडले, त्यात फ्री थ्रो असेच शॉटच्या प्रमाणात मोजले जातात. त्यांच्या मूळ अंदाजात या घटकाला चौघांत सगळ्यात कमी, साधारण १५ टक्के वजन आहे.

आता कुणी म्हणेल, १५ टक्केच ना, मग कशाला एवढा विचार? इथेच माझं म्हणणं वेगळं आहे. फाउलची खरी किंमत फ्री थ्रोच्या गुणांत नसते, ती मिनिटांत असते.

फुल कोर्ट प्रेसचंच घ्या, म्हणजे समोरच्याला पूर्ण मैदानभर अंगावर जाऊन अडवणं. समजा प्रेस लावल्यामुळे तुम्ही चार टर्नओव्हर जास्त काढलेत, म्हणजे चार वेळा जास्त शॉटआधीच चेंडू हिसकावलात. एनबीएसारख्या पातळीवर एका चढाईला सरासरी १.१ गुण धरले, तर समोरच्याचे जवळपास साडेचार गुण बुडाले. बदल्यात तुमचे फाउल वाढले आणि बोनसमुळे (संघाचे फाउल ठरावीक संख्येपलीकडे गेले की साध्या फाउललाही फ्री थ्रो मिळतात) त्याला तीन वेळा दोन-दोन फ्री थ्रो जास्त मिळाले. ७५ टक्के शूटर असेल तर दर वेळी १.५ गुण. पण फाउल झाला नसता तरी त्या चढाईत त्याने १.१ केलेच असते. म्हणजे तुमचं खरं नुकसान दर खेपेला ०.४, तिन्ही मिळून १.२. प्रेस तोडून मिळणाऱ्या सोप्या बास्केट सोडल्या, तर गुणांच्या हिशेबात प्रेस फायद्यातच दिसते!

मग प्रेस लावून संघ हरतात कसे? तुमचा सर्वोत्तम गार्ड (चेंडू खेळवणारा) दुसऱ्या क्वार्टरमध्येच तिसरा फाउल घेऊन, फाउलची मर्यादा लवकर संपू नये म्हणून, बाकावर जातो. त्याच्या जागी येणारा चेंडू हाताळण्यात कच्चा. पुढची पंधरा मिनिटं तुमची चढाईच बिघडते. हे नुकसान फ्री थ्रोच्या रकान्यात कुठेच दिसत नाही, म्हणून आपण ते मोजतही नाही.

एनबीएत सामना ४८ मिनिटांचा आणि सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात ४० मिनिटं आणि पाच फाउल. दोन्हीकडे भागाकार तोच येतो, एका फाउलला आठ मिनिटं. तुमचा सेंटर दर सहा मिनिटांना एक फाउल करत असेल, तर एनबीएच्या नियमात तो ३६ मिनिटंच टिकणार, फिबाच्या नियमात ३०. माझ्या मते डावपेच निवडताना हा हिशेब सगळ्यात आधी मांडायला हवा. चार-पाच दमदार गार्ड असतील तर प्रेस खुशाल लावा. दोनच असतील तर ती तुम्हालाच खाईल.

उलट बाजूनेही हेच. आत चेंडू द्यायचा तो फक्त फ्री थ्रोसाठी नाही. समोरच्याचा पहिला सेंटर तगडा आणि राखीव सेंटर लेचापेचा असेल, तर लुक इनसाइडचा खरा मोबदला पहिला बाकावर गेल्यानंतर मिळतो. राखीवही तेवढाच चांगला असेल तर हा डाव निम्म्या किमतीचा उरतो. सामन्याआधी समोरच्याचे पहिले पाच सगळेच बघतात. मी आधी त्याचा राखीव सेंटर बघतो.

फ्री थ्रोत कच्च्या खेळाडूला मुद्दाम फाउल करण्याच्या डावपेचाला तर मॅनेजर मंडळी फारच भुलतात. खऱ्या बास्केटबॉलचा इतिहास बघा. डिसेंबर १९९७ मध्ये डॅलसचे कोच डॉन नेल्सन यांनी शिकागोच्या डेनिस रॉडमनला मुद्दाम फाउल करायला बबा वेल्सला मैदानात उतरवलं. तीन मिनिटांच्या आत वेल्सचे सहा फाउल झाले. रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो टाकले आणि सामना शिकागोने जिंकला. जानेवारी २०१२ मध्ये ड्वाइट हॉवर्डला गोल्डन स्टेटने ३९ फ्री थ्रो दिले, त्याने २१ टाकले, ऑर्लँडो जिंकलं. जानेवारी २०१६ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध आंद्रे ड्रमंडचे ३६ पैकी तब्बल २३ चुकले, तरी डेट्रॉइट जिंकलं. ५० टक्के शूटर दोन फ्री थ्रोत सरासरी एक गुण करतो, चुकलेल्या दुसऱ्या थ्रोचा रिबाउंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) कधीकधी त्याच्याच संघाला मिळतो, तेव्हा फायदा फारच थोडा. तरी नेल्सन यांचं एक मला मनापासून आवडतं. त्यांनी हे फाउल स्टारच्या माथी मारले नाहीत. ज्याची मिनिटं स्वस्त होती त्याची खर्च केली.

फ्री थ्रोचं ट्रेनिंग "वाया गेलेला आठवडा" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, गार्डसाठी कदाचित असेल. पण आतून खेळणाऱ्या संघाचा सेंटर दर सामन्यात १० फ्री थ्रो घेणार असेल आणि तो ५० वरून ७० टक्क्यांवर गेला, तर सामन्याला दोन गुण जास्त. अटीतटीचे किती सामने दोन गुणांनी जातात, आपापल्या हंगामात मोजून बघा.

गेम बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. बॉक्स स्कोरमध्ये खेळाडूने केलेल्या फाउलचा रकाना असतोच. शेजारी आणखी दोन द्या: त्याने समोरच्याकडून किती फाउल काढले, आणि फाउलमुळे तो किती मिनिटं बाकावर बसला. बेंचवरचा वेळ दमल्यामुळे होता की चौथ्या फाउलमुळे, हे आज प्ले बाय प्ले, म्हणजे सामन्याची क्षणोक्षणीची नोंद, उघडून ओळीन् ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. हे रकाने आले तर प्रेस लावायची की नाही यावरचे निम्मे वाद त्याच दिवशी मिटतील.