मुलाला डाएटवर ठेवू नका, घरातलं खाणं बदला

८ वर्षांचा मुलगा, उंची १३० सेंटिमीटर, वजन ३० किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो १७.८. मोठ्या माणसाचा हा आकडा असता तर आपण त्याला हडकुळा म्हटलं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ८ वर्षांच्या मुलग्यासाठी अतिवजनाची रेषा १७.४ च्या आसपास आहे. म्हणजे हा मुलगा ती ओलांडून गेलाय, आणि बघणारे म्हणत असतील, ‘चांगला बाळसेदार आहे की!’ मुलांचा बीएमआय वय बघून, आणि मुलगा की मुलगी ते बघूनच वाचायचा असतो.

आता पुढचं गणित करा. या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वर्षभर वजन ३० किलोच राहिलं आणि उंची १३६ झाली, तर बीएमआय १६.२. सरासरीच्या अगदी जवळ, आणि एक किलोही उतरवावा लागला नाही! म्हणून ठामपणे सांगावंसं वाटतं: वाढत्या मुलाला डाएटवर ठेवू नका. जेवण तोडलं की वाढीला लागणारी प्रथिनं, लोह, कॅल्शियमही तुटतं आणि मूल लपून खायला शिकतं. बदलायचं ते घरातलं खाणं, आणि तेही सगळ्यांचं. एकट्या त्याच्यापुढे वेगळं ताट ठेवलं तर त्याला ती शिक्षाच वाटणार. (वजन फारच जास्त असेल तर पुढचं डॉक्टरांनी ठरवायचं.)

सुरुवात पेयांपासून करा, कारण कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. ३३० मिलिलिटरच्या गोड शीतपेयाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ ९ चमचे. २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलेली मर्यादा अख्ख्या दिवसाला २५ ग्रॅम आहे. २ वर्षांखालच्या बाळाला तर ती देऊच नये. शिवाय प्यायलेल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखं वाटत नाही, मूल नंतर तेवढंच जेवतं. ‘शंभर टक्के फळांचा रस’ हाही इथे सुटत नाही. रस काढला की तंतू जातात, साखर मोकळी होते आणि तीन फळं दोन मिनिटांत पोटात जातात. फळ चावूनच खाऊ द्या. दुधात दोन चमचे साखर घालत असाल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा. एकदम बंद केली तर मूल दूधच टाकतं.

जेवणात मोठ्यांनी ठरवायचं काय, कधी आणि कुठे. किती खायचं ते मुलानं. तीन जेवणं, मध्ये एक-दोन वेळा खाणं, दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर आणि त्या अंतरात फक्त पाणी. निम्मं ताट भाज्या-फळांचं, पाव अख्ख्या धान्याचं, पाव डाळी, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनांचं. पहिलं वाढप लहान ठेवा, मागितलं तर आणखी द्या. समोर स्क्रीन नको. ‘ताटातलं संपव’ हा आग्रह मात्र सोडाच. पोट भरल्याची जाणीव मुलाला उपजत असते, ती आपणच बोथट करतो. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ हेही नको. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही सोसायची गोष्ट आहे. नवी भाजी चमचाभर वाढा, न बोलता, दहा-पंधरा वेळा. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या नकाराला हार मानतात.

हालचालीचं माप: ५ ते १७ वर्षांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस धाप लागेल असा खेळ, शिवाय उड्या, चढणं, लोंबकळणं. ६० मिनिटं सलग हवीत असं नाही. मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, एवढा दम लागला की ती मिनिटं मोजा. खेळाचा क्लास लावला की काम झालं, असं समजू नका. तासाभराच्या क्लासमध्ये रांगेत उभं राहण्यात किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून बघा. आणि ‘जास्त खाल्लंस, आता दहा फेऱ्या मार’ हे कधीच नको.

झोप: ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते.

वजन-उंची दर तीन महिन्यांनी मोजा, रोज नाही. बूट काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक काटकोनात धरून. उंचीत २ सेंटिमीटरची चूक झाली तर बीएमआय अर्ध्या अंकानं हलतो. आकडा चारचौघांत बोलू नका.

या नोंदींत उंचीकडे नीट लक्ष द्या. जास्त खाण्यानं वजन वाढलेली मुलं वयाच्या मानानं बहुधा उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबलीय, असं दिसलं तर हॉर्मोन्सची तपासणी लागू शकते. मानेवर काळपट, मखमलीसारखी त्वचा, घोरताना मध्येच थांबणारा श्वास, लंगडणं किंवा गुडघा-खुब्यातलं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या मोजणीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा. सतत तहान आणि वारंवार लघवी असेल तर त्याच दिवशी.